१,२३५ पौंडांचे चीज आणि एका पत्रातली भिंत

१ जानेवारी १८०२. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन तेव्हा चिखलातले अर्धवट बांधलेले गाव होते. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घरी नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला आलेल्या मंडळींना एक अचाट वस्तू पाहायला मिळाली: चीजचा एकच एक गोल. त्याचा व्यास चार फुटांहून अधिक, जाडी सव्वा फुटाच्या आसपास आणि वजन १,२३५ पौंड, म्हणजे सुमारे ५६० किलो. सहा घोड्यांच्या गाडीतून तो राजधानीत आला होता. त्यावर जेफरसनचे आवडते बोधवाक्य कोरले होते. जुलमी सत्तेविरुद्ध बंड करणे म्हणजेच ईश्वराची आज्ञा पाळणे, असा त्याचा आशय होता.

त्याच दिवशी, त्याच घरात, जेफरसनने एका छोट्या पत्रावर सही केली. चीज पाहायला गर्दी लोटली. पत्राकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढच्या दोनशे वर्षांत अमेरिकेच्या न्यायालयांनी ज्या वाक्यांवरून आपसांत सर्वाधिक वाद घातला, त्यांपैकी एक या पत्रात आहे: धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्यामध्ये भिंत उभी केली आहे, असे सांगणारे. चीजची भेट आणि पत्रावरची सही एकाच दिवशी झाली हा योगायोग खरा. पण दोन्ही एकाच पंथाच्या माणसांमुळे घडले आणि दोन्हींच्या मागे एकच जुने दुखणे होते. ते दुखणे कराचे होते.

आधी चीज. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिमेला बर्कशायरच्या डोंगरात चेशायर नावाचे गाव आहे. इथले शेतकरी बहुतेक बाप्टिस्ट पंथाचे, आणि त्यातले बरेच ऱ्होड आयलंडमधून येऊन वसलेले. २० जुलै १८०१ रोजी गावातल्या प्रत्येक गोठ्याने आपले त्या दिवसाचे दूध या कामासाठी दिले. सुमारे ९०० गाईंचे दूध होते असे सांगतात. जेफरसनच्या विरोधी फेडरलिस्ट पक्षाच्या शेतकऱ्याची एकही गाय त्यात येऊ दिली नाही, अशीही गंमत तेव्हा सांगितली जाई. एवढा मोठा गोल दाबून घट्ट करायला चीजचे नेहमीचे यंत्र पुरणार नव्हते, म्हणून एलिशा ब्राउन याच्याकडचे सफरचंदाचा रस काढायचे दाबयंत्र कामाला लावले. महिनाभराने वजन केले तेव्हा काटा १,२३५ वर थांबला. हिवाळ्यात ते जमिनीवरून हडसन नदीपर्यंत, तिथून शिडाच्या जहाजाने न्यूयॉर्कला, मग बाल्टिमोरला आणि शेवटी घोडागाडीने राजधानीत पोचले. त्याच सुमारास चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराने न्यूयॉर्क राज्यातून उकरून काढलेल्या प्राचीन गजकुळातल्या प्राण्याचा सांगाडा फिलाडेल्फियात मांडला होता आणि सगळ्यांच्या तोंडी 'मॅमथ' हा शब्द बसला होता. वर्तमानपत्रांनी याला मॅमथ चीज म्हटले.

या चीजबरोबर प्रवास करत होता जॉन लेलंड. चेशायरचा हा बाप्टिस्ट धर्मोपदेशक वाटेत गावोगाव प्रवचने देत गेला. चीजवाला पाद्री कसा दिसतो हे पाहायलाही लोक जमत, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. राष्ट्राध्यक्षांपुढे चेशायरकरांचे निवेदन वाचले गेले. त्यात एक गोष्ट आवर्जून सांगितली होती: हे चीज स्वतंत्र शेतकऱ्यांनी, त्यांच्या बायका-मुलींनी आपल्या हातांनी केले आहे, यात एकाही गुलामाचा हात नाही. जेफरसनच्या मॉन्टिसेलोच्या मळ्यावर गुलाम राबत होते. लेलंडला ते ठाऊक नसणे शक्य नाही, कारण १७८९ मध्ये व्हर्जिनियाच्या बाप्टिस्टांच्या सभेत गुलामगिरीविरुद्धचा ठराव त्यानेच मांडला होता. भेटवस्तू फुकट घ्यायची नाही हा जेफरसनचा नेम. ४ जानेवारीला त्याने आपल्या हिशेबाच्या वहीत लेलंडला २०० डॉलर दिल्याची नोंद केली. हिशेब केला तर पौंडाला सुमारे १६ सेंट पडतात.

आता खरे कोडे. १८०० च्या निवडणुकीत न्यू इंग्लंडमधल्या चर्चच्या व्यासपीठांवरून जेफरसनला उघड उघड नास्तिक म्हटले गेले होते. शेजारी किती देव मानतो यामुळे माझे काही बिघडत नाही, अशा अर्थाचे त्याचे एक जुने विधान विरोधकांनी गावोगाव नाचवले. हा माणूस निवडून आला तर घरातली बायबले जप्त होतील, म्हणून काही बायकांनी ती लपवून ठेवली, असेही किस्से आहेत. मग रोज बायबल वाचणाऱ्या, नाचगाण्यालाही नाक मुरडणाऱ्या कर्मठ बाप्टिस्टांनी अशा 'नास्तिका'साठी आपल्या गाईंचे अख्खे एक दिवसाचे दूध का द्यावे?

उत्तर शोधायला न्यू इंग्लंडच्या करवसुलीत डोकवावे लागते. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट इथे कॉन्ग्रिगेशनल पंथाला राज्याचा आधार होता. गावाने चर्च बांधायचे, पाद्र्याला पगार द्यायचा आणि त्यासाठी गावकऱ्यांकडून कर घ्यायचा, अशी व्यवस्था. इंग्लंडमधल्या धार्मिक जाचातून पळून आलेल्या प्युरिटनांच्या वंशजांनीच ती उभी केली होती. बाप्टिस्टांची अडचण मुळात श्रद्धेची होती. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नाही. माणसाने मोठे झाल्यावर, समजून-उमजून, स्वतः होकार देऊन श्रद्धा स्वीकारावी, तरच ती श्रद्धा. आईबापांनी मुलाच्या वतीने दिलेला होकारही जिथे चालत नाही, तिथे सरकारने लादलेला धर्म कुठून चालणार? म्हणजे धर्मस्वातंत्र्याची मागणी त्यांनी तत्त्वज्ञांच्या पुस्तकातून उचलली नव्हती, ती त्यांच्या पंथाच्या गाभ्यातूनच निघाली होती.

कराचा तडाखा किती बसे, याचे मॅसॅच्युसेट्समधल्या अॅशफील्डचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. या गावात बाप्टिस्ट आधी येऊन वसले, त्यांचे चर्चही आधी उभे राहिले. तरी १७६८ मध्ये कायदा झाला आणि मागून आलेल्या कॉन्ग्रिगेशनल चर्चचा कर त्यांच्या माथी बसला. त्यांनी तो भरला नाही. १७७० मध्ये त्यांच्या सुमारे ४०० एकर जमिनीचा लिलाव झाला. लागती शेते गेली, फळबाग गेली, इतकेच काय, दफनभूमीही गेली. शेवटी न्याय कोणी दिला असेल? इंग्लंडच्या राजाने. १७७१ मध्ये राजाच्या सल्लागार मंडळाने तो कायदा रद्द केला. ज्या वसाहतीत 'आमच्या संमतीशिवाय आमच्यावर कर नको' ही घोषणा घुमत होती, तिथल्या बाप्टिस्टांना कराविरुद्ध दाद लंडनमध्ये मिळाली, ही गोष्ट अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही.

सूट मिळण्याचा एक मार्ग होता. आपण दुसऱ्या पंथाचे आहोत आणि तिथे नियमित जातो, असा दाखला लिहून द्यायचा. वरवर पाहता सोय चांगली. पण मॅसॅच्युसेट्समधला बाप्टिस्टांचा पुढारी आयझॅक बॅकस म्हणे की दाखला मागणे म्हणजेच देवाची भक्ती करायला परवानगी लागते हे कबूल करणे. १७७४ मध्ये हीच तक्रार घेऊन तो फिलाडेल्फियाला, पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसच्या वेळी, आपल्या राज्याच्या प्रतिनिधींना भेटला. सूर्यमालेत बदल झालेला एक वेळ दिसेल, पण आमचे लोक चर्चची ही व्यवस्था सोडणार नाहीत, असे उत्तर त्याला मिळाले. हे उद्गार जॉन अॅडम्सचे मानले जातात.

दक्षिणेत व्हर्जिनियात चित्र याहून उग्र होते. तिथे इंग्लंडचे अँग्लिकन चर्च अधिकृत होते आणि पाद्र्याचा वर्षाचा पगार तंबाखूत ठरलेला होता: १६,००० पौंड तंबाखू. नाणे दुर्मिळ, तंबाखू मुबलक, म्हणून ही पद्धत. पण आपल्या शेतातली तंबाखू दुसऱ्याच्या पाद्र्याला द्यावी लागे, हे बाप्टिस्टांना डाचे. शिवाय परवान्याशिवाय प्रवचन केले, शांतता बिघडवली, असे आरोप ठेवून त्यांच्या उपदेशकांना तुरुंगात टाकत. कल्पेपर गावच्या तुरुंगात जेम्स आयर्लंड हा उपदेशक खिडकीच्या गजांतून बाहेर जमलेल्या लोकांना प्रवचन देई. ते बंद पाडायला बाहेरच्या टवाळांनी जमावात घोडे घातले आणि कोठडीत गंधकाचा धूर सोडला, असे त्याने आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे.

जवळच्याच ऑरेंज परगण्यात जेम्स मॅडिसन नावाचा जमीनदाराचा मुलगा कॉलेजचे शिक्षण संपवून घरी बसला होता. तब्येत तोळामासा, पुढे काय करायचे ते ठरत नव्हते. जानेवारी १७७४ मध्ये, २२ व्या वर्षी, त्याने फिलाडेल्फियातल्या मित्राला चिडून पत्र लिहिले: शेजारच्या परगण्यात पाचसहा भली माणसे केवळ धार्मिक मते छापली-बोलली म्हणून बंदिवासात आहेत. मॅडिसन स्वतः बाप्टिस्ट नव्हता, अँग्लिकन घरातला होता. पुढे जो माणूस अमेरिकेच्या राज्यघटनेचा मुख्य शिल्पकार ठरला, त्याच्या राजकारणाचा पाया तुरुंगातल्या या उपदेशकांनी घातला, असे म्हटले तर फार वावगे होणार नाही.

दहा वर्षांनी, १७८४ मध्ये, व्हर्जिनियाच्या विधिमंडळात पॅट्रिक हेन्रीने एक गोड प्रस्ताव आणला. एकाच चर्चला पैसा नको. प्रत्येक करदात्याने आपला पंथ सांगावा आणि त्याचा कर त्या पंथाच्या धर्मशिक्षकाला मिळावा. आजही कुठल्या सभेत हा प्रस्ताव मांडला तर बहुतेक लोक त्याला समंजस म्हणतील. मॅडिसनने १७८५ मध्ये त्याविरुद्ध पंधरा मुद्द्यांचा अर्ज लिहिला. त्यातला सर्वांत टोकदार मुद्दा असा की जे सरकार एका धर्माच्या आधारासाठी तीन पेनी वसूल करू शकते, ते उद्या कुठल्याही बाबतीत कुठल्याही पंथापुढे मान तुकवायला लावू शकते. प्रश्न रकमेचा नव्हता. गंमत अशी की या लढ्यात मॅडिसनच्या विद्वत्ताप्रचुर अर्जापेक्षा जास्त सह्या मिळाल्या त्या धर्मनिष्ठ ख्रिस्ती मंडळींनी काढलेल्या दुसऱ्या एका अर्जाला. त्यांचे म्हणणे साधे होते. येशूचा धर्म सरकारी पगारावर वाढलेला नाही, आणि पगार सुरू झाला की तो बिघडतो.

हेन्रीचा प्रस्ताव बारगळला. ती संधी साधून मॅडिसनने जेफरसनने १७७७ मध्ये लिहून ठेवलेला धर्मस्वातंत्र्याचा मसुदा बाहेर काढला आणि १६ जानेवारी १७८६ रोजी तो कायदा झाला. कुणालाही कुठल्याही उपासनेला हजर राहण्याची वा पैसा देण्याची सक्ती नाही आणि धार्मिक मतांमुळे कुणाचे नागरी हक्क कमीजास्त होणार नाहीत, हा त्याचा गाभा. जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये राजदूत होता. चर्चेत कुणीतरी येशू ख्रिस्ताचे नाव प्रस्तावनेत घालायची दुरुस्ती सुचवली होती, ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. जेफरसनने १८२१ मध्ये आत्मचरित्र लिहिताना या फेटाळण्याचा अर्थ मुद्दाम उलगडून सांगितला: या कायद्याची सावली यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कशावरच विश्वास नसलेला, अशा सगळ्यांवर आहे. व्हर्जिनियात हिंदू समाज म्हणावा असे तेव्हा काहीच नव्हते. तरी यादीत हिंदू आहे. आज अमेरिकेत मराठी मंडळी भाड्याच्या सभागृहात गणपती बसवतात, तेव्हा त्यांना या ओळीची आठवण असायचे कारण नाही, पण यादीत त्यांची जागा दोनशे वर्षांपूर्वीच धरून ठेवलेली आहे. आपल्या थडग्यावर कोणती तीन कामे कोरावीत हे जेफरसनने लिहून ठेवले होते. त्यात स्वातंत्र्याचा जाहीरनामा आहे, व्हर्जिनिया विद्यापीठ आहे आणि हा कायदा आहे. दोन वेळा राष्ट्राध्यक्ष झाल्याचा उल्लेख नाही.

लेलंड या सगळ्याचा साक्षीदार होता. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला हा माणूस तरुणपणी व्हर्जिनियात गेला आणि सुमारे चौदा वर्षे तिथे फिरून उपदेश करत राहिला. १७८८ मध्ये नव्या राज्यघटनेला मान्यता द्यायची की नाही यावर व्हर्जिनियात रण माजले, तेव्हा तिच्यात धर्मस्वातंत्र्याची हमी नाही म्हणून बाप्टिस्ट नाराज होते. लेलंडने लिहिलेली आक्षेपांची यादी मॅडिसनपर्यंत पोचली, आणि वाटेत या माणसाला भेटून जा असा सल्लाही एका हितचिंतकाने पत्रातून दिला. दोघे एका झाडाखाली बसून तासन्तास बोलले आणि तिथेच सौदा झाला, ही आख्यायिका ऑरेंज परगण्यात आजही सांगतात. झाडाचे सोडून देऊ. मॅडिसन बाप्टिस्टांच्या मतांवर निवडून आला, पुढे त्याने हक्कांची सनद मांडली आणि १७९१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती अमलात आली: काँग्रेस कोणताही धर्म स्थापन करणारा किंवा धर्माचरणाला बंदी करणारा कायदा करणार नाही.

त्या वाक्याचा कर्ता नीट पाहा. काँग्रेस. म्हणजे केंद्रीय विधिमंडळ. राज्यांवर ही बंदी नव्हती. त्यामुळे कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चचा कर घटनादुरुस्तीनंतरही बिनदिक्कत चालू राहिला. लेलंड १७९१ मध्ये न्यू इंग्लंडला परतला तेव्हा त्याला पुन्हा तेच दाखले, तीच वसुली दिसली. व्हर्जिनियात जिंकलेली लढाई त्याला घरी नव्याने लढायची होती. चेशायरच्या चीजचे कारण हेच. जेफरसन हा त्यांच्या लेखी श्रद्धेतला सोबती नव्हता, कर बंद करणारा माणूस होता.

कनेक्टिकटमधल्या डॅनबरी परिसरातल्या बाप्टिस्ट मंडळींनी चीज केले नाही, पत्र लिहिले. ७ ऑक्टोबर १८०१ च्या त्या पत्रात त्यांनी जेफरसनला सांगितले की आमच्या राज्यात आम्हाला जी धर्माची मोकळीक आहे ती हक्क म्हणून नाही, मेहरबानी म्हणून आहे. राष्ट्राध्यक्ष राज्यांचे कायदे बदलू शकत नाहीत याची त्यांना जाणीव होती. जेफरसनला हे पत्र ३० डिसेंबरला मिळाले, म्हणजे चीज राजधानीत आल्याच्या दुसऱ्या दिवशी. दोनच दिवसांत त्याने उत्तर लिहिले, पण एका बैठकीत नाही. मसुदा त्याने न्यू इंग्लंडच्या दोन सहकाऱ्यांना दाखवला: देशाचा महान्यायवादी, मूळचा मॅसॅच्युसेट्सचा लेव्हाय लिंकन आणि पोस्टमास्टर जनरल, मूळचा कनेक्टिकटचा गिडियन ग्रेंजर. हे आशीर्वादाचे खाजगी पत्र नव्हते. विरोधकांच्या बालेकिल्ल्यात काय पेरायचे, याचा त्याने केलेला विचार होता.

मसुद्यात त्याने आधी 'चिरंतन' भिंत म्हटले होते. तो शब्द काढला. आणखी एक मोठा तुकडा शाईने गडद खोडून टाकला. पंचवीस ओळींच्या मसुद्यातल्या सात ओळी. काँग्रेसच्या वाचनालयाने हा कागद १९९८ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याच्या, एफबीआयच्या, प्रयोगशाळेत पाठवला, तेव्हा शाईखालचा मजकूर वाचता आला. वॉशिंग्टन आणि अॅडम्स या आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय उपवासाचे आणि देवाचे आभार मानायचे दिवस जाहीर केले होते. मी तसे का करत नाही, याचे कारण जेफरसनने त्या ओळींत दिले होते. इंग्लंडचा राजा असे दिवस ठरवतो, कारण तो तिथल्या चर्चचा प्रमुख आहे; इथे ते ज्याच्या त्याच्या पंथाने ठरवावे. लिंकनने सांभाळून राहायला सांगितले. न्यू इंग्लंडमध्ये असे दिवस पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात, आपल्याच पक्षाचे लोक दुखावले असते. म्हणून ओळी गेल्या आणि समासात कारण लिहिले गेले. भिंतीच्या पहिल्याच आराखड्यात मतदारांकडे पाहून डागडुजी झाली होती, हे कळल्यावर काहींना ते तत्त्व स्वस्त वाटू लागते. मला तसे वाटत नाही. मते मिळवायची म्हणून त्याने वाक्य सौम्य केले; उपवासाचा दिवस मात्र आठ वर्षांत एकदाही जाहीर केला नाही.

आता पुढचा रविवार, ३ जानेवारी. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात, त्या काळी 'भट्टी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंडाकृती तात्पुरत्या इमारतीत, जॉन लेलंडने प्रवचन दिले. श्रोत्यांत राष्ट्राध्यक्ष जेफरसन हजर. भिंतीचे पत्र सही होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते आणि सरकारी इमारतीत, लोकप्रतिनिधींच्या सभागृहात, बाप्टिस्ट पाद्री बायबलचा अर्थ सांगत होता. शलमोनाहून थोर असा कोणी इथे आहे, या वचनावर तो बोलला. श्रोत्यांत मॅनासे कटलर नावाचा फेडरलिस्ट खासदार होता, जो स्वतः कॉन्ग्रिगेशनल पाद्री होता. त्याला हा ओरडणारा, हातवारे करणारा 'चीजविक्या' असह्य झाला आणि त्याने पत्रात त्याचा यथेच्छ उद्धार केला. जेफरसन मात्र पुढेही सभागृहातल्या या प्रवचनांना जात राहिला.

भिंत मानणारे आणि न मानणारे दोघेही आज या रविवाराचा दाखला देतात. न मानणारे म्हणतात, पाहा, भिंतीचा कर्ताच सरकारी सभागृहात प्रार्थनेला बसला होता. मला यात विसंगती कमी दिसते. लेलंडला कुणी पगार दिला नव्हता, कुणाला सक्तीने आणले नव्हते, आणि ते व्यासपीठ वेगवेगळ्या पंथांना मिळत असे. बाप्टिस्टांना टोचत होते ते वसुली आणि दाखला. अर्थात सरकारी छताखालची प्रार्थना आणि सरकारी प्रार्थना यांतले अंतर किती, हा प्रश्न त्यांनी पुढच्यांसाठी सोडला.

चीज पुढची दोनेक वर्षे तरी पाहुण्यांना वाढले जात होते. उरलेले पोटोमॅक नदीत गेले, अशी दंतकथा आहे.

डॅनबरीकरांच्या कराचे काय झाले? पत्राने तो गेला नाही. कनेक्टिकटने १८१८ मध्ये नवी राज्यघटना केली तेव्हा गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत वाट पाहावी लागली. सूर्यमाला होती तशीच राहिली. लेलंड तेव्हा ऐंशीच्या घरात होता आणि अजून प्रवचने देत होता. १८४१ मध्ये तो गेला.

पत्र मात्र काही काळ विसरले गेले. ते बाहेर काढले सर्वोच्च न्यायालयाने, १८७९ मध्ये, आणि तेही धर्मस्वातंत्र्याला मर्यादा घालण्यासाठी. युटा प्रदेशातल्या जॉर्ज रेनल्ड्स या मॉर्मन पंथीयावर दुसरी बायको केल्याचा खटला होता. माझ्या धर्माने हे कर्तव्य सांगितले आहे, असा त्याचा बचाव. सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांना शेजारी राहणारे इतिहासकार जॉर्ज बँक्रॉफ्ट यांनी व्हर्जिनियाचा इतिहास धुंडाळायला सुचवले. वेट यांनी जेफरसनचे पत्र उद्धृत केले आणि म्हटले की सरकार विश्वासात हात घालू शकत नाही, कृतीत घालू शकते. हे पटवायला त्यांनी निवडलेले उदाहरण थेट हिंदुस्थानकडे बोट दाखवते: नवऱ्याच्या चितेवर जळून जाणे हे आपले कर्तव्य आहे असे एखादी स्त्री मानत असेल, तर तिला थांबवणे सरकारच्या हाताबाहेरचे आहे काय? रेनल्ड्स तुरुंगात गेला.

१९४७ मध्ये न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी भिंत आणखी उंच केली. न्यू जर्सीत कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांचे बसभाडे सरकारने पालकांना परत द्यावे का, हा वाद. ब्लॅक यांनी लिहिले की भिंत अभेद्य राहिली पाहिजे, आणि त्याच निकालात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की बसभाड्याने ती भेदली जात नाही. १९८५ मध्ये न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी एका भिन्नमत निकालपत्रात सारी उपमाच दिशाभूल करणारी ठरवली. पहिली घटनादुरुस्ती लिहिली गेली तेव्हा जेफरसन फ्रान्समध्ये होता, याची त्यांनी आठवण करून दिली. २०२२ मध्ये सामन्यानंतर मैदानात गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल लागला. भिंत पाडली जात आहे की तिची फाजील वीट काढली जात आहे, यावर आज तिथे दोन तट आहेत.

यातला १९४७ पर्यंतचा इतिहास भारताच्या घटना समितीपुढे उघडे पुस्तक होता. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले प्रा. के. टी. शाह यांनी डिसेंबर १९४८ मध्ये राज्याचा कोणत्याही धर्माशी संबंध राहणार नाही, असे कलम सुचवले. ते फेटाळले गेले. कराची गोष्ट मात्र घेतली गेली: अनुच्छेद २७ नुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा देखभालीसाठी ज्याचा पैसा वापरायचा असा कर कुणालाही भरायला लावता येत नाही. मॅडिसनची तीन पेनी ती हीच. स्वातंत्र्यानंतर लगेच त्याची कसोटी लागली. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्ताचे कार्यालय उभे राहिले आणि त्याच्या खर्चासाठी न्यासांकडून अंशदान घ्यायचे ठरले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात हे अंशदान म्हणजे कर नव्हे, देखरेखीच्या सेवेचे शुल्क आहे, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात, पैसा धर्म वाढवायला नसून कारभार नीट चालावा म्हणून घेतला जात असेल तर अनुच्छेद २७ आड येत नाही, असे म्हटले गेले.

पण शाहांची भिंत महाराष्ट्रात उभी राहणे शक्यच नव्हते, असे मला वाटते, आणि त्याचे कारण नाशिकला आहे. चेशायरच्या बाप्टिस्टांना सरकार आपल्या चर्चबाहेर हवे होते, कारण चर्च त्यांचे होते. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला तेव्हा सत्याग्रही मंदिराच्या बाहेर होते आणि दार आतून बंद होते. सत्याग्रह काही वर्षे चालूनही ते उघडले नाही. धर्म आपल्या जागी आणि सरकार आपल्या जागी, असे म्हणून दोघांच्या मध्ये भिंत घातली असती तर ती त्या बंद दाराला टेकून उभी राहिली असती. इथला धर्म जन्मापासून मरणापर्यंत माणसाला व्यापतो, त्यातले किती सोडायचे आणि किती कायद्याखाली आणायचे हे ठरवावेच लागेल, असे बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितले. अनुच्छेद २५ मध्ये म्हणूनच धर्मस्वातंत्र्याच्या जोडीला हिंदू सार्वजनिक मंदिरे हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा राज्याचा अधिकार लिहिलेला आहे.

पंढरपुरात विठ्ठल मंदिराचे दार उघडायला साने गुरुजींचे मे १९४७ मधले उपोषण लागले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. पुढे १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने बडवे-उत्पात या पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले. त्याविरुद्धची न्यायालयीन लढाई २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपली. मंदिराचा कारभार आज सरकारने नेमलेली समिती पाहते, आणि आषाढी एकादशीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री सपत्नीक करतात, रांगेतून निवडलेल्या एका वारकरी जोडप्यासह.